तीन मोजेपर्यंत

वही अजून माझ्याकडेच आहे.
जैतापूरच्या तरीवर मी तेव्हा तिकिटं फाडायचे,
अक्षर बरं, म्हणून नावं लिहायला मला बसवलं.
मी म्हटलं, मी वाघधऱ्यांची सून, तुमच्यातली नव्हे.
"पेन आणलंयस ना?" म्हणाले.

शर्फुद्दीन महालदार.
तेवीस वर्षं जहाजाच्या पोटात, इंजिनाला तेल घालणारा.
उजवा कान तिथेच ठेवून आले.
पेटीत दोन लुंग्या, एक तेलाची झारी,
आणि धाकटा भाऊ स्लॅबच्या पैशांची वाट बघत
पाया खणून बसलेला.

चाळीस दिवस बोलले नाहीत.
लोकांना वाटलं, कानामुळे.

मग झारी घेऊन दारोदार दिसायला लागले.
शाळेच्या बिजागऱ्या, मशिदीच्या, वेताळाच्या देवळाच्या,
पोस्टाची खिडकी, जी पोस्टमन असतानाही उघडत नसे.
पैसे घेत नसत. चहा घेत, बिनसाखरेचा.

पहिला आला बाबल तांडेल.
त्याचा पोरगा आंबोळगडापुढे बुडाला होता
आणि तो रडत नव्हता, जाळी विणत होता, नुसती विणत होता.
महालदारांनी त्याच्या पाठीवर तळवा टेकला.
एक.
दोन.
चटका बसल्यासारखा हात उचलला.
"बंद कर," म्हणाले, "आता इंजिन बंद कर."
आणि बाबल जेटीवर रडला,
मासेवाल्या बायका तराजू तसेच धरून उभ्या.

एवढाच त्यांचा सिलसिला.
बेअरिंगवर हात ठेवायचा.
तीन मोजेपर्यंत राहिला तर चालेल,
नाही राहिला तर बंद करायचं,
मग वरचा साहेब काय म्हणायचं ते म्हणो.

पहिल्या वर्षी अकरा नावं. तिसऱ्या वर्षी दोनशे सहा.
कोल्हापूरचा पत्रेवाला, राजापूरची सुईण,
केपटाउनची एक म्हातारी,
जिला पणजीच्या बोलीतले फक्त माशांचे शब्द येत.

रत्नागिरीहून चार मौलवी गाडी करून आले.
शिजरा दाखवा. तुमचे पीर कोण? त्यांचे कोण?
हे ओसरीवर मांडी घालून सांगू लागले:
मला हात ठेवायला शिकवला कारवारच्या पेद्रूनं.
त्याला मनिलाच्या एका फिटरनं.
त्याला कुणा ग्रीक इंजिनियरनं, तो फार प्यायचा.
त्याच्या आधीचं विचारायचं राहून गेलं.
मौलवींनी चहा अर्धा टाकला.
त्यातला सर्वांत तरुण चप्पल शोधत फाटकाशी रेंगाळला.
पान सत्तावीस, खालून तिसरं नाव.

हनिफाबी कधी काही बोलल्या नाहीत.
दोनशे माणसांचे सांदण वाफवत.
एकदाच, पातेलं उतरवता उतरवता:
"तेवीस वर्षं माझ्या पाठीवर कोणाचा हात होता?"
डाव्या बाजूनं बोलल्या. त्यांना ऐकू गेलं.
दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, एक नंबराच्या वर
कोऱ्या जागेत हिचं नाव लिही.
मी लिहिलं.
हनिफाबींनी माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि ते खोडलं. रागानं नव्हे.
भाजी चिरावी तसं, एका रेषेत.
त्यानंतर महालदार कितीतरी दिवस
कोणाच्या पाठीला हात लावेनात.

आता खाडीच्या वर, काजूंच्या उतारावर कबर आहे.
कमिटी आहे, पावतीपुस्तक आहे,
उरुसाला मंडपवाला लांज्याहून येतो.
त्यांनी मातीच सांगितली होती. संगमरवर बसवला.
वैशाखात दगड तापतो,
लोक श्रद्धेनं तळवा टेकतात,
दोनच्या पुढे कोणाचा राहत नाही.

फाटक लोखंडी, खारं वारं, दोन पावसाळ्यांत गंजलं.
गेल्या शुक्रवारी मी झारी घेऊन गेले.
हनिफाबी पायरीवर बसल्या होत्या, कालवं फोडत.
"राहू दे गो," म्हणाल्या.
"करकरलं की कळतं, कोण तरी आलं."